फक्कीची रेघ

मी स्वभावाने शांत माणूस आहे. हे माझे मत नव्हे, आमच्या घरातले मत आहे, आणि ते काही कौतुकाने दिलेले नाही. चिरंजीवांनी दुधाचे सबंध पातेले ओट्यावर पालथे केले तरी मी "असू दे" म्हणतो. सोसायटीच्या सभेत माझ्याच गाडीच्या जागेवरून भांडण पेटले तरी माझ्या कपातला चहा हिंदकळत नाही. "तुम्हाला राग म्हणून कधी येतच नाही का हो?" असे ही रागाने विचारते, तेव्हाही मी हसतो. (त्याने तिचा राग वाढतो, हे लग्नाला सतरा वर्षे झाल्यावर आता कुठे माझ्या लक्षात आले आहे.)

पण जगात अशी एक जागा आहे, की जिथे माझा हा लौकिक धुळीला मिळतो. अक्षरशः धुळीला, कारण ती जागा म्हणजे हॉकीचे मैदान, आणि आमच्या वाट्याला येणाऱ्या मैदानांवर धुळीखेरीज फारसे काही नसते. त्या मैदानाच्या कडेला मी उभा राहिलो, अंपायरने नको तेव्हा शिट्टी वाजवली किंवा हवी तेव्हा वाजवली नाही, की माझ्या गळ्यातून जो आवाज निघतो तो माझाच आहे यावर माझा स्वतःचाही विश्वास बसत नाही.

एका शनिवारी असाच तो आवाज निघाला असताना आमच्या द्वितीय वर्षाच्या वर्गातली एक मुलगी सायकल हातात धरून मैदानापलीकडे उभी होती. मला ते माहीत नव्हते. सोमवारी मी वर्गात पसायदान शिकवीत होतो. दुष्टांचा नाश होवो असे ज्ञानेश्वर मागत नाहीत, त्यांच्यातला दुष्टपणा तेवढा जावो असे मागतात, हे मी मोठ्या तन्मयतेने सांगितले. मुलगी उभी राहिली. "सर," ती अगदी निरागसपणे म्हणाली, "मग शनिवारी तुम्ही ज्यांना घरी जायला सांगत होता, ते कोण?"

वर्ग हसला. मीही हसलो. त्या दिवसापासून मी मैदानावर जाताना टोपी घालतो. आवाज मात्र अजून ओळखू येतो म्हणतात.

महाविद्यालयीन हॉकीला प्रेक्षक किती असतात, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना सांगून पटायचे नाही. क्रिकेटचा सामना असला की गच्चीवर, कठड्यावर, वाहनतळावरच्या स्कूटरींवर पोरे बसलेली असतात. हॉकीच्या सामन्याला मी असतो, जिमखान्याचा शिपाई असतो, कुणा खेळाडूचा धाकटा भाऊ चपला आणि मोबाईल राखत बसलेला असतो, आणि गोलपोस्टमागे दोन कुत्री निजलेली असतात. पैकी कुत्री तटस्थ असतात. याचा एक परिणाम असा होतो की अंपायरला माझा शब्दन्‌शब्द ऐकू जातो. पन्नास हजारांच्या गर्दीत शिवी हरवून जाते. पाच जणांत ती बरोबर पत्त्यावर पोचते.

मराठीच्या प्राध्यापकाला हे हॉकीचे वेड लागले कुठून, असे मला पुष्कळजण विचारतात. माझे बालपण खडकीत गेले, एवढे उत्तर पुण्याच्या माणसाला पुरते. लष्कराची छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना यांच्या आसऱ्याने त्या भागात हॉकी रुजली आणि वसाहतींच्या चाळीचाळींतून वाढली. धनराज पिल्लै तिथलेच. त्यांचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मैदानाची देखभाल करीत, आणि त्या वसाहतीतला हा मुलगा १९९२ ते २००४ अशी ओळीने चार ऑलिंपिके खेळला. आमच्या लहानपणी खडकीतल्या प्रत्येक पोराला आपण धनराज होणार असे वाटे. मलाही वाटे. पुढे मला गोलमध्ये उभे केले, कारण मला पळता येत नसे. आणि मग गोलमधूनही काढले, कारण मला वाकताही येत नसे. तेव्हापासून मी प्रेक्षक आहे. खेळाडू म्हणून जे साधले नाही ते सगळे मी प्रेक्षक म्हणून वसूल करतो.

आता हॉकीच्या अंपायरवरच एवढा राग का? क्रिकेटच्या अंपायरवर का नाही? त्याला कारण आहे. क्रिकेटमध्ये अंपायर हा न विचारता बोलत नाही. अकराजण हात वर करून विचारतात तेव्हा तो विचार करतो, मग बोट वर करतो किंवा मान हलवतो. सगळे कसे रीतसर, एखाद्या जुन्या सरकारी कचेरीसारखे. हॉकीत कुणी विचारायचे नसते. दीडशे-एकशेसाठ ग्रॅमचा टणक चेंडू डोळ्याचे पाते लवते न लवते तोच इकडून तिकडे गेलेला असतो. तो कुणाच्या बुटाला लागला, कुणाची स्टिक उलटी फिरली, कुणी कुणाला खांद्याने रेटले, हे सगळे त्या निमिषात पाहायचे आणि त्याच निमिषात ठरवायचे. आणि पाहणारे दोघेच. अर्धे मैदान एकाचे, अर्धे दुसऱ्याचे.

आपल्या भाषेने या गृहस्थाला 'पंच' म्हणावे, ही मोठी गंमत आहे. पाचांमुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. हॉकीत पाच नसून दोनच असतात, आणि त्यातले एक मुख शिट्टीने बंद केलेले असते. परमेश्वराने बोलायचे कुठून?

मला स्वतःला सर्वात जास्त चीड येते ती घाईच्या शिट्टीची. हॉकीत ॲडव्हांटेजचा एक फार सुंदर नियम आहे. समोरच्याने आगळीक केली, पण चेंडू अजून तुमच्याकडेच आहे आणि तुमची चाल पुढे जाते आहे, तर अंपायरने शिट्टी वाजवायची नाही. हात पुढे करून खेळ चालू ठेवायचा. शिट्टी वाजवून 'न्याय' दिला तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचेच नुकसान. माझ्या मते या नियमात जेवढे शहाणपण आहे तेवढे पुष्कळ कायद्यांच्या ग्रंथांत नसेल. पण तो पाळायला शिट्टी ओठांत धरून एक क्षण थांबावे लागते, आणि तेवढा धीर फार थोड्यांना असतो. आमचा पोरगा तिघांना चुकवून एकटा गोलकडे निघाला आहे, आणि मागे कुणीतरी त्याच्या स्टिकवर स्टिक मारली म्हणून महाराज शिट्टी फुंकून त्याला थांबवतात आणि वर "फ्री हिट घे" म्हणून उपकार करतात! अशा वेळी मी शांत कसा राहू?

दुसरा एक प्रकार फिटंफाट करणाऱ्यांचा. आपली एक चूक झाली हे त्यांना चटकन कळते, आणि ती भरून काढायला ते उरलेल्या वेळात दुसऱ्या बाजूच्या हिताची एक चूक जाणून करतात. माणसे सज्जन असतात हो! पण दोन चुका मिळून एक न्याय होत नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगतो. मोठ्याने सांगतो.

ही मैदानावरची गोष्ट झाली. घरी दूरदर्शन संचासमोर बसूनही सुटका नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या मुलींचा ऑस्ट्रेलियाशी उपांत्य सामना होता. बरोबरी झाली, शूटआऊट आले. ऑस्ट्रेलियाचा पहिलाच प्रयत्न सविता पूनियाने अडवला. आम्ही सोफ्यावरून उठून उभे राहिलो. आणि मग कळले की आठ सेकंदांचे घड्याळ सुरूच झाले नव्हते, म्हणून तो प्रयत्न पुन्हा घ्यायचा! पुन्हा घेतला, गोल झाला, आणि आपल्या मुली शूटआऊट हरल्या. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने नंतर दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरीने सामना परत मिळत नाही. पुढे २०२४ मध्ये पॅरिसला ग्रेट ब्रिटनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत सतराव्या मिनिटालाच अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. चित्रफीत मागेपुढे करून, थांबवून, सगळे पाहून दिलेले ते कार्ड. तरीही ते योग्य की अयोग्य यावर आपल्याकडे किती दिवस वाद चालला! उरलेला सगळा वेळ दहा जणांनी खेळून आपण तो सामना शूटआऊटमध्ये जिंकलो खरा, पण एका सामन्याच्या बंदीमुळे रोहिदास जर्मनीशी झालेल्या उपांत्य सामन्याला मुकला, आणि तो आपण ३-२ असा हरलो. त्या दिवशी आमच्या घरात ही आणि मी एकमताने ओरडलो. असा योग फार क्वचित येतो.

जिथे पाच-सहा कॅमेरे आणि निळीशार कृत्रिम हिरवळ, तिथे ही कथा. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. तिथल्या रेषा ठसठशीत, न पुसणाऱ्या. आमच्या मैदानावर मुरूम, आणि मुरमावर सकाळी शिपायाने डब्यातून टाकलेली फक्की. पहिल्या सामन्याला ती रेघ असते, दुसऱ्याला तिचा भास असतो, आणि दुपारच्या चौथ्या सामन्यापर्यंत ती इतिहासजमा झालेली असते. आणि हॉकीचा सगळा निवाडा त्या रेघेवर असतो. गोलपोस्टपासून १४.६३ मीटरांवर, म्हणजे पूर्वीच्या सोळा यार्डांवर, अर्धगोलासारखी 'डी' आखलेली असते. हल्ला करणाऱ्याची स्टिक डीच्या आत चेंडूला लागली तरच गोल. बाहेरून कितीही सुंदर फटका मारा, तो फुकट. रेघ मात्र डीचाच भाग धरतात. रेघेवर लागला तर तो आत.

हे एवढे सविस्तर सांगायचे कारण २०२३ च्या डिसेंबरातला तो सामना.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी होती. आमचे महाविद्यालय अंतिम फेरीत पोचल्याची घटना माझ्या नोकरीत पहिलीच. आमचा सेंटर-फॉरवर्ड तृतीय वर्षाचा विद्यार्थी. वडील रिक्षा चालवायचे. हा रात्री पेट्रोल पंपावर कामाला, सकाळी सहाला मैदानावर, आणि आठच्या तासाला माझ्या वर्गात. म्हणजे वर्गात तो बसे असे नाही, निजे. मी त्याला कधी उठवला नाही. एकदा तास संपल्यावर ओशाळून म्हणाला, "सर, तुमचा आवाज ऐकला की झोप फार छान लागते." आता याला काय म्हणावे? मी कौतुक समजून घेतले.

सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. त्याच्या वडिलांनी ते कुठूनसे ऐकले होते आणि पोरगा पोलिसात लागेल असे मनाशी धरून ठेवले होते. पण तिथवर जायचे तर नुसते महाविद्यालयाचे प्रमाणपत्र घेऊन कोण विचारतो? त्या वाटेवरचा पहिला दरवाजा म्हणजे विद्यापीठाचा संघ. आणि निवड समितीची मंडळी त्या दिवशी मांडवात खुर्च्या टाकून बसली होती.

सामना १-१ बरोबरीत. शेवटची तीन मिनिटे. आमच्या लेफ्ट-आऊटने कोपऱ्यातून चेंडू मागे ओढला, सेंटर-फॉरवर्ड धावत आला आणि त्याने फिरतीवर असा फटका मारला, की फळीवर चेंडू आदळल्याचा आवाज मी अजून विसरलो नाही. आमची पोरे एकमेकांच्या अंगावर पडली. मी टोपी उडवली. आणि शिट्टी वाजली. अंपायरने हात आडवा केला. गोल नाही. फटका डीच्या बाहेरून.

मी डीच्या अगदी समोर, कडेला उभा होतो. चेंडू आत होता. वीतभर तरी आत होता. मी काय काय बोललो ते इथे छापण्यासारखे नाही. दिवाळी अंक घरातली मुलेही वाचतात. आमचे जिमखाना प्रमुख मला दोन्ही दंडांना धरून मागे ओढत होते. ज्याचा गोल गेला तो पोरगा मात्र काहीच बोलला नाही. त्याने अंपायरकडे एकदा पाहिले, जाळ्यातला चेंडू काढला आणि समोरच्या बचावपटूच्या हातात नेऊन दिला. शूटआऊट आम्ही हरलो. विद्यापीठाच्या संघाची यादी चार दिवसांनी लागली. तिच्यात विजेत्या संघाची पाच नावे होती, आमचे एक. पण ते आमच्या गोलकीपरचे होते.

मी लेखी तक्रार केली. शुल्क भरले आणि मांडवातच बसून तीन पाने लिहिली. रामशास्त्र्यांच्या महाराष्ट्रात हे व्हावे, इथपासून मी सुरुवात केली होती. जिमखाना प्रमुखांनी वाचून पाहिली आणि हळूच म्हणाले, "सर, लिहिलंय छान, पण यात अलंकार जास्त झाले. नियमाचा क्रमांक कुठंच नाही." समितीने दहा मिनिटांत उत्तर दिले: अंपायरचा निर्णय अंतिम. शुल्क परत मिळाले नाही. त्या अंपायरला मी ओळखत होतो, म्हणजे चेहऱ्याने. दुसऱ्या एका महाविद्यालयात ते खेळाचे शिक्षक. पुढे सहा महिने रस्त्यात कुणाच्या गळ्यात शिट्टी दिसली तरी माझे डोके फिरत असे.

मे महिना आला, आणि आम्ही सारे प्राध्यापक दरवर्षीप्रमाणे उत्तरपत्रिका तपासायला केंद्रावर जमलो. ज्यांच्या घरी कुणी प्राध्यापक आहे त्यांना हा प्रकार ठाऊक असेल. एका मोठ्या दालनात बाके, बाकांवर गठ्ठे, वर गरम वारा खाली ढकलणारे पंखे. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, क्रमांकही झाकलेला. दिवसाला इतक्या तपासायच्या असा ठरलेला आकडा असतो. सकाळच्या पहिल्या दहा उत्तरपत्रिका मी मन लावून वाचतो. कुणी चांगले वाक्य लिहिले तर शेजारच्यालाही वाचून दाखवतो. दुपारच्या चहानंतर मी वाचीत नाही, बघतो. आणि साडेचारनंतर काय करतो ते सांगवत नाही.

पाचव्या दिवशी मॉडरेटर बाई माझ्या बाकाशी आल्या. हातात माझीच एक तपासलेली उत्तरपत्रिका होती. "सर, हिची पुरवणी बघितलीत का?" त्यांनी अगदी हळू विचारले, त्या वयाने माझ्याहून लहान आहेत. मी पाहिले. मूळ उत्तरपत्रिकेच्या शेवटी पुरवणी बांधलेली होती, दोरा आवळल्यामुळे तिचे पान मागच्या पानाला चिकटून बसले होते, आणि त्या पुरवणीत चौथा प्रश्न सबंध सोडवलेला होता. बऱ्यापैकी सोडवलेला होता. सत्तरपैकी अठ्ठावीसला उत्तीर्ण. मी त्या मुलाला किंवा मुलीला तेवीस देऊन मोकळा झालो होतो. चौथ्याचे सात धरून तीस झाले.

"होतं असं, सर," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

पण मॉडरेटर काही सगळ्या उत्तरपत्रिका पाहत नाहीत. शेकड्यातल्या ठराविक पाहतात. आधीच्या चार दिवसांचे माझे गठ्ठे बांधून, लाख लावून पुढे गेले होते. मी केंद्रप्रमुखांकडे गेलो. म्हटले, "एका उत्तरपत्रिकेत प्रश्न राहिला होता. आधीच्या गठ्ठ्यांतही एखाद्यात असेल. पुन्हा बघता येईल का?" ते माझ्याकडे थोडे नवलाने पाहू लागले. वीस वर्षांत असे कुणी विचारले नसावे. म्हणाले, "आता सील झालं, सर. आणि काळजी कशाला करता? ज्याला शंका वाटेल तो फेरतपासणीला अर्ज करील की, शुल्क भरून."

मी घरी आलो. रात्री जेवताना ही म्हणाली, "आज एवढे गप्प का?" मी म्हटले, "नेहमीच असतो की." "नाही," ती म्हणाली, "हे गप्प निराळं आहे."

त्यानंतरच्या हिवाळ्यात पुन्हा स्पर्धा आल्या. २०२४ चा डिसेंबर. पहिल्याच सामन्याच्या आधी मी मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो, तर शेजारी तेच अंपायर. गळ्यात शिट्टी, कपाळाला रुमाल. टाळायला जागा नव्हती. त्यांनीच सुरुवात केली.

"सर, मागच्या वर्षीचा तुमचा अर्ज मला वाचायला दिला होता. भाषा फार चांगली आहे तुमची."

मी काहीतरी पुटपुटलो.

"तो गोल होता," ते चहा फुंकत म्हणाले.

माझ्या हातातला चहा प्रथमच हिंदकळला.

"सामना संपल्यावर मी तिथं जाऊन बघितलं. मातीत फटक्याचा वळ होता, रेघेच्या चांगला आत. खरं सांगू का सर, मला ते दिसलंच नव्हतं. सकाळपासूनचा चौथा सामना. मी मागून धावत येत होतो, मध्ये तुमचाच एक पोरगा आडवा आला. त्यांची मुलं हात वर करून 'बाहेर, बाहेर' म्हणून ओरडली. शिट्टी तोंडातच होती. वाजली."

"दुसऱ्या अंपायरना विचारायचं होतंत."

"तो पलीकडच्या अर्ध्यात. त्याला काय दिसणार? आणि वळ बघितला तेव्हा मुलं पिशव्या भरून निघाली होती. कुणाला सांगणार, सर?"

मी व्याकरण शिकवणारा माणूस आहे. माझे लक्ष त्यांच्या त्या एका क्रियापदावर अडकून राहिले. 'वाजवली' नव्हे, 'वाजली'. आपली भाषा मोठी दयाळू आहे. कर्त्याला अंग चोरून उभे राहायला ती नेहमी एखादा आडोसा ठेवते. मी त्यांना यावरून चार शब्द ऐकवणार होतो, तोच मला आठवले, की केंद्रप्रमुखांना मीही 'प्रश्न राहिला' असेच सांगितले होते. 'मी तपासला नाही' असे म्हणालो नव्हतो. पुरवणीची ती हकीगत त्यांना सांगावी असे फार मनात आले. पण तेवढ्यात आतून कुणीतरी हाक मारली, आणि ते चहाचे पैसे देऊन (माझ्याही चहाचे) निघून गेले.

मी मैदानाच्या कडेला माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. शिपायाने नुकतीच फक्की टाकली होती. डी पांढरीशुभ्र दिसत होती. तेवढ्यात मागून मोटारसायकल थांबली. आमचा तो सेंटर-फॉरवर्ड! चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला होता. रात्रपाळी संपवून तसाच आला होता. अंगावर कंपनीचा सदरा, डोळे तांबारलेले. "सर, यंदा पोरं चांगली आहेत म्हणे," म्हणाला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

आता याला सांगावे की न सांगावे? सांगून त्याला काय मिळणार? न सांगावे तर जे त्याचे आहे ते मी खिशात घालून उभा आहे असे वाटत होते. शेवटी मी मैदानाकडे बघतच म्हटले, "मघाशी ते अंपायर भेटले होते. म्हणत होते, तो गोल होता."

"होताच की," तो म्हणाला. "मीच मारला होता ना, सर." थोडा वेळ थांबून त्याने विचारले, "त्यांनी स्वतःहून सांगितलं?"

"स्वतःहून."

त्याने मान हलवली. बरे वाटल्याची म्हणावी तर तशी नव्हती, राग आल्याची म्हणावी तर तशीही नव्हती. मग सामना सुरू झाला आणि आमचे बोलणे थांबले.

पाचेक मिनिटे झाली असतील. आमचा राईट-इन चेंडू घेऊन उजव्या बाजूने सुटला. त्यांच्या हाफने मागून सरळ त्याच्या स्टिकवर स्टिक घातली. पोरगा अडखळला, गुडघ्यावर गेला. अगदी समोर, दहा पावलांवर. आणि शिट्टी नाही! अंपायर शांतपणे धावताहेत! माझी टोपी कुठे गेली मला कळले नाही. "अंपायर! अहो अंपायर! फाऊल दिसत नाही का? डोळे घरी ठेवून आलात का?"

माझ्या कोपराला कुणीतरी हात लावला.

"सर," पोरगा हळूच म्हणाला, "ॲडव्हांटेज दिलाय त्यांनी. हात बघा ना. बॉल आपल्याकडेच आहे."

मी बघितले. अंपायरचा हात पुढे होता, शिट्टी ओठांत होती, आणि चेंडू घेऊन आमचा लेफ्ट-इन एकटा डीकडे निघाला होता.